विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर का पडतो? आठवीच्या लेकीला कसं समजावू?

आठवीची आई | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, मराठी माध्यमात. परवा घटक चाचणीचा पेपर घरी आला. प्रश्न साधाच होता: १२० अंशांचा एक कोन असलेला त्रिकोण काढा आणि त्याचे तिन्ही शिरोलंब (प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या भुजेवर टाकलेले लंब) काढा. त्रिकोण तिने बरोबर काढला. विशालकोनाच्या शिरोबिंदूतून समोरच्या भुजेवर पहिला शिरोलंब टाकला, तोही बरोबर. उरलेले दोन मात्र कसेबसे त्रिकोणाच्या आतच बसवले. लंब होत नव्हते, तरी काटकोनाची खूण करून टाकली. दोन्हीवर लाल फुली, बाजूला एक शब्दही नाही.

मी विचारलं, "अगं, गुण्या लावून बघितलास का?" तर म्हणाली, "लावला होता. पण तो बाहेर जायला लागला. शिरोलंब त्रिकोणाचा आहे ना आई, मग तो त्रिकोणाबाहेर कसा जाईल? घराचा खांब घराबाहेर असतो का?"

तिचा प्रश्न मला रास्त वाटला. मग आम्ही दोघींनी पाया तुटक रेषेने पुढे वाढवला, गुण्या सरकवत नेला आणि शिरोलंब बाहेर उभा राहिला. तिने मान डोलावली, पण पटलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. नियम म्हणून लिहील, पुढच्या चाचणीत गुण मिळतील, पण मला तेवढंच नकोय.

दुसरं म्हणजे, तिच्या वहीत त्रिकोणाचे प्रकार एका पानावर आहेत (समभुज, समद्विभुज, विषमभुज, लघुकोन, काटकोन, विशालकोन) आणि मध्यगा, शिरोलंब, कोनदुभाजक, लंबदुभाजक दुसऱ्या पानावर. या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं कुणी सांगितलेलंच दिसत नाही. माझं स्वतःचं गणित दहावीला सुटलं. जाणकारांनी मदत करावी.

खडूफळा | शनिवार, रात्री १०:२५

आठवीची आई, तुमच्या लेकीने बाकी काही करण्याआधी प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला. एकतीस वर्षं मी हा धडा शिकवला आहे आणि गाडी नेमकी इथेच अडते.

"शिरोलंब" या शब्दाऐवजी "उंची" या शब्दापासून सुरुवात करा. समुद्रकाठचा कललेला माड डोळ्यांसमोर आणा. बुंधा जमिनीत एका जागी आहे आणि झाड समुद्राकडे झुकलेलं आहे. शेंड्याचा नारळ सुटला तर तो बुंध्यापाशी पडेल का? नाही, दहा-बारा फूट पुढे वाळूत पडेल. शेंड्यापासून त्या जागेपर्यंतचं सरळ उभं अंतर म्हणजे माडाची उंची. आता बुंध्याला क म्हणा, शेंड्याला अ म्हणा, आणि बुंध्याच्या मागच्या बाजूला, जमीनीच्याच रेषेत, एक खुंटी ठोकून तिला ब म्हणा. अबक हा विशालकोन त्रिकोण झाला. अ मधून बक वरचा शिरोलंब कुठे पडला? नारळ पडला तिथे, त्रिकोणाच्या बाहेर.

खांबाचं उत्तर असं द्या: शिरोलंब हा खांब नव्हे, तो ओळंबा आहे. ओळंब्याची दोरी वरच्या बिंदूतून निघते आणि जमिनीकडे सरळ जाते. खाली भिंत आहे की मोकळं अंगण, हे ती बघत नाही.

मग हा खेळ करा. वहीच्या खालच्या ओळीवर ८ सेंमीचा पाया आखा. त्याच्यावर ५ सेंमी अंतराने एक समांतर ओळ आखा. वरचा शिरोबिंदू या वरच्या ओळीवर डावीकडून उजवीकडे सरकवत न्या आणि दर खेपेला शिरोलंब टाका. बिंदू पायाच्या मधोमध असताना शिरोलंब आत. अगदी पायाच्या टोकावर आला की शिरोलंब भुजेवरच बसतो, तोच काटकोन त्रिकोण. आणखी एक सेंमी पुढे गेला की शिरोलंब बाहेर, आणि त्याच क्षणी पायाजवळचा कोन ९० च्या वर जातो. (वरचा कोन लघु राहावा म्हणून मी पाया आणि उंची मुद्दाम अशी घेतली आहेत.) तिला स्वतःच्या हाताने करू द्या. शिरोलंब आत, काठावर किंवा बाहेर असणं आणि त्रिकोण लघुकोन, काटकोन किंवा विशालकोन असणं या वेगळ्या गोष्टी नाहीत. तुमच्या दोन पानांचा संबंध तो हाच.

आणि या सगळ्या खेपांत क्षेत्रफळ? प्रत्येक वेळी २० चौरस सेंमी. पाया तोच, उंची तीच.

शंकूसाखळी | रविवार, सकाळी ७:१०

खडूफळा बाई, माडाचं उदाहरण मनाला भिडलं. मी भूमापनात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या कामात शिरोलंब रोजचा.

जुनी मोजणी शंकू-साखळीची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. जुनं टिपण हातात आलं तर बघा: शेताच्या आत एक आधाररेषा धरलेली असते आणि कोपऱ्या-कोपऱ्यांवरून तिच्यावर लंब टाकलेले असतात. वाकड्यातिकड्या शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं क्षेत्र काढायचं आणि बेरीज करायची. शंकू हे काटकोन साधायचं साधन.

मी नवीन असताना एका वडीलधाऱ्या मोजणीदारांनी मला सांगितलं होतं: त्रिकोणी तुकडा आला की सगळ्यात लांब बांध पाया धर. का, ते त्यांनी सांगितलं नाही, पुढे माझ्या लक्षात आलं. सगळ्यात लांब भुजेच्या दोन्ही टोकांचे कोन नेहमी लघुकोनच असतात, कारण विशालकोन असलाच तर तो लांब भुजेच्या समोर असतो. म्हणून लांब भुजेवरचा लंब नेहमी आत पडतो. आखूड बांध पाया धरलात आणि शेत विशालकोनी निघालं, तर लंबाचा पाय शेजाऱ्याच्या शेतात. त्याच्या उभ्या ज्वारीत जाऊन साखळी ओढायची वेळ येते.

लेकीला हे सांगा: तिने काढलेला पहिला शिरोलंब आत आला, कारण तो सगळ्यात लांब भुजेवर होता.

आता मध्यगा आणि कोनदुभाजक. यावर मी भाऊ-भाऊ भांडताना पाहिलेत. एक त्रिकोणी तुकडा होता, एका कोपऱ्यात विहीर. विहिरीच्या कोपऱ्यात काटकोन, तिथून निघणारा एक बांध ६ साखळ्या, दुसरा ४ साखळ्या. क्षेत्र १२ गुंठे. दोघांनाही विहिरीला लागून जमीन हवी होती, म्हणजे वाटणीचा बांध विहिरीच्या कोपऱ्यातूनच निघणार. गावातल्या जाणत्यांनी कोपऱ्याचा कोन बरोबर निम्मा केला आणि सरळ दोरी नेली. दिसायला समान वाटणी. मी मोजलं तेव्हा एकाला ७.२ गुंठे आणि दुसऱ्याला ४.८ गुंठे. कोनदुभाजक समोरची भुजा लगतच्या भुजांच्या प्रमाणात तोडतो, इथे ६ ला ४, म्हणजे ३ ला २, आणि क्षेत्रही त्याच प्रमाणात तुटतं. समान वाटणी हवी असेल तर समोरच्या बांधाचा मध्य काढून तिथे दोरी न्यायची. ती मध्यगा. दोन्हीकडे पाया सारखा, उंची तीच, ६ गुंठे आणि ६ गुंठे.

धाकट्या भावाला हे पटवायला मला दीड तास लागला. पटलं तेव्हा त्याने स्वतः जाऊन बांधाच्या मध्यावर दगड रोवला.

सेमीवाला बाबा | रविवार, सकाळी ९:०२

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

माझा मुलगा सेमी-इंग्रजीत आहे. त्याला "मीडियन" हा शब्द दोनदा भेटतो, एकदा भूमितीत आणि एकदा सांख्यिकीत, आणि तो दोन्हींचा गोंधळ घालतो. मी त्याला मराठी पुस्तक आणून दिलं. भूमितीत मध्यगा, सांख्यिकीत मध्यक. दोन गोष्टींना दोन शब्द. मध्यगा म्हणजे मध्याकडे जाणारी, "गा" मध्ये जाणं आहेच. शिरोलंब म्हणजे शिरोबिंदूतून टाकलेला लंब. शब्द फोडला की व्याख्या हातात येते.

आणि "संपात"! पंचांगात वसंतसंपात असतो, तोच शब्द. तिथे दोन वर्तुळं छेदतात, इथे तीन रेषा एका बिंदूत येतात: मध्यगासंपात, शिरोलंबसंपात. मुलाला हे इतकं आवडलं की मार्चमध्ये दिनदर्शिकेत तो वसंतसंपात शोधत बसला होता.

एक शंका: समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणायचं की नाही? आमच्याकडे यावर घरात दोन तट पडले आहेत.

खडूफळा | रविवार, सकाळी ९:४५

सेमीवाला बाबा, युक्लिडने व्याख्या केली तेव्हा "दोनच भुजा समान" अशी केली होती, म्हणजे त्याच्या लेखी समभुज वेगळा. आज गणितात "किमान दोन भुजा समान" असं धरतात, म्हणून प्रत्येक समभुज हा समद्विभुजही असतो. मला आजची पद्धत जास्त सोयीची वाटते. समद्विभुजाबद्दल सिद्ध केलेलं सगळं समभुजाला आपोआप लागू होतं, पुन्हा सिद्ध करायला नको.

या रेषांच्या अंगाने पाहिलं तर ते आणखी स्पष्ट होतं. समद्विभुज त्रिकोणात, समान भुजा जिथे मिळतात त्या शिरोबिंदूतून निघणारी मध्यगा, शिरोलंब आणि कोनदुभाजक ही तिन्ही एकच रेषा असते, आणि पायाचा लंबदुभाजकही तीच. समभुज त्रिकोणात असं तिन्ही शिरोबिंदूंना घडतं. विषमभुजात एकाही शिरोबिंदूला नाही. म्हणजे ३, १, ०. विषमभुजात त्या रेषा किती वेगळ्या होतात हे आज दुपारी आकडे मांडून लिहिते, आत्ता पाहुणे आले आहेत.

चाळीसगावकर | रविवार, दुपारी १२:३०

आठवीची आई, तुमच्या लेकीला पडलेला प्रश्न जवळपास नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात सोडवलेला आहे. भास्कराचार्यांचा लीलावती हा गणिताचा ग्रंथ शके १०७२ मधला, म्हणजे इसवी सन ११५०. भास्कराचार्य त्रिकोणाच्या पायाला "भूमी" म्हणतात. शिरोलंब जिथे पडतो तिथे भूमीचे दोन तुकडे होतात, त्या तुकड्यांना "आबाधा" म्हणतात.

रीत अशी: दोन भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने गुणायचं, भूमीने भागायचं. आलेली संख्या भूमीत मिळवून निम्मी करा, एक आबाधा. भूमीतून वजा करून निम्मी करा, दुसरी आबाधा.

त्यांचं पहिलं उदाहरण १३, १५ आणि भूमी १४. बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६, भागिले १४ म्हणजे ४. आबाधा ९ आणि ५. लंब १२. क्षेत्र ८४. सगळं पूर्णांकात.

लगेच दुसरं उदाहरण: भुजा १० आणि १७, भूमी ९. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, भागिले ९ म्हणजे २१. एक आबाधा १५, म्हणजे भूमीपेक्षाही मोठी! आणि दुसरी ९ वजा २१, निम्मे, म्हणजे उणे ६.

उणे सहा लांबी म्हणजे काय? भास्कराचार्य गांगरत नाहीत. ते सांगतात की ऋण आबाधा म्हणजे उलट्या दिशेची. लंब भूमीच्या बाहेर ६ अंतरावर पडतो. ताळा करून पाहा: १० चा वर्ग १००, ६ चा वर्ग ३६, वजा केले ६४, लंब ८. दुसऱ्या बाजूने १७ चा वर्ग २८९, १५ चा वर्ग २२५, पुन्हा ६४. क्षेत्र ९ गुणिले ८ भागिले २, म्हणजे ३६.

माझ्या मते हे उदाहरण त्यांनी जाणूनबुजून दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. आधी लंब आत पडणारा त्रिकोण, मग बाहेर पडणारा. विद्यार्थी कुठे अडखळेल हे त्यांना ठाऊक होतं.

अवांतर: आमच्या चाळीसगावजवळ पाटण इथे, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (संत चांगदेव नव्हेत) याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख मिळाला. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. सुट्टीत लेकीला घेऊन या, जंगल आणि मंदिर दोन्ही पाहण्यासारखं आहे.

आठवीची आई | रविवार, दुपारी १:१५

चाळीसगावकर दादा, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. "उणे ६" आल्यावर तिने वही ओढून घेतली आणि स्वतः गणित करून पाहिलं. मग मला म्हणते, "म्हणजे माझा शिरोलंब चुकीचा नव्हता, मी त्याला मागे ढकलला म्हणून चुकला." ९, १० आणि १७ सेंमीचा त्रिकोण तिने काढला, पाया मागे ६ सेंमी वाढवला आणि गुण्या लावला. ८ सेंमी बरोबर आले. ती पट्टी दोनदा लावून बघत होती.

खडूफळा | रविवार, दुपारी ४:२०

चाळीसगावकरांनी माझं काम सोपं केलं. मी विषमभुजासाठी १३-१४-१५ च घेणार होते!

बक १४ सेंमीचा पाया काढा. अब १३, अक १५. आता फक्त अ या एका शिरोबिंदूतून तीन रेषा काढा. शिरोलंबाचा पाय ब पासून ५ सेंमीवर. कोनदुभाजक समोरच्या भुजेला १३ ला १५ असं तोडतो, म्हणजे ब पासून ६.५ सेंमीवर. मध्यगा अर्थातच ७ सेंमीवर. ५, ६.५, ७. कोनदुभाजक मध्ये, एका बाजूला शिरोलंब, दुसऱ्या बाजूला मध्यगा. कुठलाही विषमभुज त्रिकोण घ्या, हा क्रम बदलत नाही. दोन भुजा सारख्या करत आणल्या की तिन्ही पाय एकमेकांकडे सरकतात, आणि समद्विभुज होताक्षणी एकावर एक येतात.

आता संपातबिंदू. ब पासून पायावर किती आणि पायापासून वर किती, असं सेंमीमध्ये देते, पट्टीने तपासा:

शिरोलंबसंपात: ५, आणि वर ३.७५
अंतर्मध्य (कोनदुभाजकांचा): ६, आणि वर ४
मध्यगासंपात: ६.३३, आणि वर ४
परिमध्य (लंबदुभाजकांचा, तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्याच अंतरावर): ७, आणि वर ४.१२५

चौघेही दोन सेंमीच्या पट्ट्यात! अंतर्मध्य आणि मध्यगासंपात यांत तर साडेतीन मिलिमीटरसुद्धा नाहीत. वर्गात मुलं अंदाजाने समभुजासारखा दिसणारा त्रिकोण काढतात, पेन्सिलीला टोक नसतं, आणि चारही बिंदू एकाच ठिपक्यात जातात. मग "चारही एकच ना बाई?" असं विचारतात. त्यांचा दोष नाही, आकृतीचा दोष आहे. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती: फळ्यावर चांगला रेललेला विषमभुज त्रिकोण काढा, भुजा एकमेकींपासून दूर ठेवा.

वरच्या यादीतले शिरोलंबसंपात, मध्यगासंपात आणि परिमध्य पट्टीने जोडून पाहा. एका सरळ रेषेत येतात, आणि मध्यगासंपात त्या अंतराला २ ला १ असं तोडतो. हे १८ व्या शतकात ऑयलरने दाखवलं, म्हणून ती ऑयलर रेषा. अंतर्मध्य त्या रेषेवर नाही. तो फक्त समद्विभुजात तिच्यावर येतो. समभुजात तर चारही बिंदू खरोखरच एक होतात आणि रेषा उरतच नाही.

मध्यगासंपातासाठी एक हातचा प्रयोग. जुनी लग्नपत्रिका घ्या, तिचा पुठ्ठा छान ताठ असतो. त्रिकोण कापा, दोन मध्यगा काढा, छेदतात तिथे खालून पेन्सिलीचं टोक लावा. पुठ्ठा तोलून राहतो. अंतर्मध्यावर लावला तर एका बाजूला कलतो, पण त्यासाठी पुन्हा तेच, त्रिकोण रेललेला हवा.

लाइनदोरी | रविवार, संध्याकाळी ६:५०

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. काटकोन त्रिकोण राहून गेला, म्हणून लिहितो.

प्लॉटवर फक्कीने आखणी करताना कोपरा गुण्यात आहे की नाही हे छोट्या गुण्याने कळत नाही. वीस फुटांच्या भिंतीला कोपऱ्यातला एक धागा फरक शेवटी इंचावर जातो. म्हणून टेप लावून तीन-चार-पाच करतो. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तिरकं बरोबर ५ आलं तर कोपरा काटकोनात. जागा मोठी असेल तर ६-८-१० किंवा ९-१२-१५. जितका मोठा त्रिकोण तितकी चूक कमी.

या त्रिकोणात शिरोलंबसंपात कुठे? कोपऱ्यातच, कारण दोन भिंती स्वतःच शिरोलंब आहेत. आणि परिमध्य कर्णाच्या बरोबर मध्यावर. याचा उपयोग मी करतो: तिरकं १० फूट असेल तर त्याच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत बरोबर ५ फूट यायला हवं. कमी आलं तर कोपरा उघडलाय, जास्त आलं तर मिटलाय. शंकूसाखळी काकांनी सांगितलेल्या शेतातही काटकोन होता, म्हणजे त्यांचा वाटणीचा बांध समोरच्या बांधाच्या बरोबर निम्मा आला असणार.

परिमध्याबद्दल एक अनुभव. एका गावात तीन वाड्यांसाठी पाण्याची टाकी बांधायची होती. सगळ्यांना सारखं अंतर पडावं म्हणून कुणी तरी नकाशावर परिमध्य काढून आणला. पण वाड्या जवळपास एका ओळीत, मधली जरा वर, म्हणजे त्रिकोण विशालकोन. परिमध्य बाहेर, माळावर पडला. समजा मधल्या वाडीपासून दोन्हीकडच्या वाड्या एकेक किलोमीटर आणि मधे १२० अंशांचा कोन. परिमध्यावर टाकी बांधली तर तिघांनाही एकेक किलोमीटर चालायचं. तेच लांब भुजेच्या मध्यावर बांधली तर टोकाच्या वाड्यांना ८६६ मीटर आणि मधलीला ५०० मीटर. अंतर सारखं नाही, पण तिघांचंही कमी झालं. लघुकोन त्रिकोण असता तर परिमध्यच बरोबर होता. आधी त्रिकोण कोणता आहे ते बघायचं, मग बिंदू निवडायचा.

शंकूसाखळी | रविवार, संध्याकाळी ७:३०

लाइनदोरी, बरोबर ओळखलंत. समोरचा बांध सव्वासात साखळ्यांना किंचित कमी होता आणि वाटणीचा बांध ३.६ साखळ्या. मी तेव्हा मोजला होता, पण निम्मा का आला याचा विचार केला नव्हता. आज कळलं.

माणदेशी | रविवार, रात्री ८:१५

आमच्या भागात पाऊस थोडा, त्यामुळे पाणलोटाची कामं भरपूर. समद्विभुज त्रिकोण आम्ही डोंगरावर खांद्यावरून वाहून नेतो, तो असा.

सारख्या लांबीचे दोन बांबू, साधारण सात फुटी, वरच्या टोकाला घट्ट बांधायचे. खाली पाय फाकवून मधे एक आडवी पट्टी, दोन्ही बांबूंवर वरून सारख्याच अंतरावर. वरच्या टोकातून सुतळी सोडायची आणि तिला दगड बांधायचा. याला ए-फ्रेम म्हणतात. दोन्ही पाय सारख्या पातळीवर असले की सुतळी आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येते. एक पाय खाली असला की सुतळी त्या बाजूला सरकते. एक पाय रोवून दुसरा पाय वरखाली करत सुतळी मध्यावर आणायची, तिथे फक्की टाकायची, मग पुढचं पाऊल. अशी पूर्ण डोंगराला समपातळी रेषा आखत जायची आणि त्या रेषेवर सलग समतल चर खोदायचे. चर जरा जरी उताराला गेला तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून बांध फोडतं.

आखताना मला एवढंच माहीत होतं की सुतळी मध्यावर हवी. खडूफळा बाईंचं "तिन्ही एकच रेषा" वाचलं आणि उलगडा झाला. सुतळी म्हणजे शिरोलंब, पट्टीवरची खूण म्हणजे मध्यगा. भुजा समान आहेत म्हणून दोन्ही एक.

बांबू काही तंतोतंत सारखे नसतात. त्यासाठी तपासायची रीत: फ्रेम दोन दगडांवर उभी करा, सुतळी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, म्हणजे डावा पाय उजव्या दगडावर. पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य ही खरी पातळीची खूण. दगड वरखाली असले तरी चालतात.

आठवीची आई | पुढचा रविवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर घरात हेच चालू होतं.

लग्नपत्रिकेचे चार त्रिकोण कापले. विशालकोनाचा मध्यगासंपातसुद्धा आतच आला तेव्हा लेकीने विचारलं, "शिरोलंब बाहेर जातो, मग मध्यगा का नाही?" आणि पुढच्याच मिनिटाला स्वतःच म्हणाली, "ती समोरच्या भुजेच्या मधोमध जाते ना, मग बाहेर जाईलच कशी." कोनदुभाजकांचंही तिने तसंच सांगितलं: कोनाच्या मधून निघतो, म्हणजे आतच. मग वहीच्या त्या दोन पानांच्या मधे तिने एक नवीन पान चिकटवलं आणि त्याच्यावर चारही संपातबिंदू तीन प्रकारच्या त्रिकोणांत कुठे पडतात ते काढलं. दोन आत राहणारे हिरव्या रंगात, दोन बाहेर जाणारे लाल रंगात.

काल तिच्या बाबांनी आणि तिने मिळून गच्चीवर माणदेशी दादांची ए-फ्रेम केली, कपडे वाळत घालायच्या जुन्या दोन काठ्यांची. अदलाबदल करून खूण केली, पट्टीच्या मध्यापासून चार मिलिमीटर डावीकडे आली. मग गच्चीभर फिरवली. आमच्याकडे मागच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी साचतं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येते. पाणी जायची जाळी पुढच्या कोपऱ्यात आहे. सुतळी गच्चीच्या मधल्या भागात जाळीकडे सरकते, पण शेवटच्या सहा-सात फुटांत मागच्या कोपऱ्याकडे सरकायला लागते. लेकीने तिथे खडूने रेघ मारून ठेवली आहे.

लाइनदोरी | पुढचा रविवार, दुपारी १२:०५

ताई, ती खडूची रेघ पुसू देऊ नका. उतार तिथेच उलटा झालाय. मिस्त्रीला बोलवाल तेव्हा लेकीला सोबत उभी करा, रेघेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंतच नवा थर टाकून जाळीकडे उतार घ्यायला सांगा. सगळी गच्ची फोडायची गरज नाही. थर ओला असतानाच ए-फ्रेम पुन्हा लावून बघा, सुकल्यावर उपयोग नाही. आणि काम मे संपायच्या आत उरका.